नदीकाठी नाव घेतलं तेव्हा

रिसेंगाच्या चाळिसाव्या वाढदिवसाला अभयारण्यात जायचं, आपलीच गाडी चालवत दिवसभर पाखरं शोधायची, हे ठरवलं रिसेंगानं. लेकीला, न्येलेतीला, मावशीकडे पोचवायचं, शेंगा उकडायच्या, मोपानीच्या झाडावरच्या अळ्या तळून डब्यात भरायच्या, हे मात्र बायकोच्या, तिंत्स्वालोच्या गळ्यात पडलं. वर सकाळी फाटकाशी पोचल्यावर नवरा म्हणतो, "दुर्बीण विसरलीस होय?" तिनं दुर्बीण त्याच्या मांडीवर आदळली आणि काच खाली करून बाहेर बघत बसली. राग कधीचाच आधणासारखा उकळत होता, झाकण तेवढं जागेवर होतं.

लुवुवू नदीच्या काठानं तापझाडांची पिवळी खोडं सुरू झाली तसा तिचा जीव जरा निवला. तिच्या वडिलांचं गाव इथंच कुठंतरी होतं. गोऱ्यांच्या राजवटीत सगळ्यांना ट्रकात कोंबून उठवलं, घरं जाळली, आणि आता त्याच जागी हत्ती बघायला तिकीट काढून यायचं. वडील जाईपर्यंत या नदीबद्दल बोलत. शेळ्या राखताना एकमेकांना शीळ घालायची, म्हणत. नदीकाठी नाव घ्यायचं नाही. का, ते त्यांनी कधी सांगितलं नाही आणि तिनं कधी विचारलं नाही.

रिसेंगाला हवा होता नरीना ट्रोगॉन, हिरव्या पाठीचा, लाल पोटाचा. पानात बसला की दिसत नाही, नुसतं घुमणं ऐकू येतं. म्हणून साहेबांनी फोनवर त्याचा आवाज भरून आणला होता. छोटा स्पीकर खिडकीत ठेवायचा आणि तो आवाज लावायचा. नराला वाटतं आपल्या हद्दीत कुणी घुसलंय. तो घरटं टाकून भांडायला येतो.

हू-हुक, हू-हुक, करून स्पीकर घुमायचा, आणि शेवटी, ज्यानं कुणी तो आवाज टिपला असेल त्याचं खोकणं. मग पुन्हा पहिल्यापासून.

"ही शिकार नाही तर काय?" तिंत्स्वालो म्हणाली. "बंदूक तेवढी नाही."

"नुसतं बघायचंय गं मला. खातोय का त्याला?"

"खाल्लं असतंस तर बिचारं एकदाच सुटलं असतं."

दुपार कलली तरी ट्रोगॉन काही आला नाही. समोरून एक धुळकट गाडी आली. वाटेत गाडी भेटली की काच खाली करून काय दिसलं ते सांगायचं, ही इथली रीत. गाडीतली म्हातारी गोरी बाई एकटीच होती आणि गप्पांना भुकेली होती. रिसेंगानं ट्रोगॉनचं विचारलं.

"पुलाखाली पाणघोडे आहेत. आणि वळणापलीकडे तुमचा ट्रोगॉन घुमतोय. पण गंमत सांगू? घुमून झालं की तो खोकतो." ती हसली. "सर्दी झाली असेल बाबाला."

ती गेली. रिसेंगाचं तोंड कडू झालं. "कुणीतरी माझाच आवाज लावून बसलंय पुढं. लबाड कुठले!"

"चोराला चोर भेटला," तिंत्स्वालो म्हणाली. तिला खरंच बरं वाटलं.

वळणावर एकही गाडी नव्हती. वाळूवर त्या बाईच्या चाकांखेरीज कसली खूणही नव्हती. रिसेंगानं इंजिन बंद केलं. लव्हाळ्यातून, अगदी जवळून, आवाज आला. हू-हुक, हू-हुक. मग खोकला.

स्पीकर बंद होता. तिनं तो उचलून पाहिला, त्याचा दिवा विझलेला होता.

"आत कुणी लपलंय," रिसेंगा म्हणाला आणि त्यानं दार उघडलं.

गाडीतून उतरायचं नाही, हे इथं शेंबड्या पोरालाही कळतं. आदल्या वर्षी याच रस्त्यावर एकाला सिंहिणीनं नेलं होतं. रिसेंगाचा एक पाय वाळूवर टेकलेला तिनं पाहिला आणि सकाळपासूनचं, सकाळपासूनचं कसलं, गेल्या चार-पाच वर्षांचं सगळं एकदम उतू गेलं.

"रिसेंगा! गाडीत ये! पोरीला अनाथ करायचंय का मेल्या?"

तिचा आवाज नदीच्या पलीकडे जाऊन आदळला. माकडंसुद्धा गप्प झाली. रिसेंगा आत आला, दार लावलं. कुजलेल्या पानांचा आणि ओल्या चिखलाचा वास गाडीभर झाला.

"रिसेंगा! गाडीत ये!"

तो तिच्याकडे वळला. तिनं दोन्ही हात आपल्या तोंडावर ठेवले होते.

"पोरीला अनाथ करायचंय का मेल्या?" लव्हाळ्यातून आलं. तोच राग, 'मेल्या'वर तीच धार.

"काच वर घे," ती हाताआडून म्हणाली. "चल. चल ना!"

गाडी सुटली, पण पुढच्याच चढावर हत्तींचा कळप आडवा. माद्या, पिल्लं, सगळी रस्ता अडवून उभी. पण ती गाडीकडे बघतच नव्हती. कान फाकवून, पिल्लांना पोटाखाली घेऊन, सगळी नदीकडे तोंड करून थिजली होती. मागं जायला तिंत्स्वालोचा जीव धजेना. थांबणं भाग होतं.

आता आवाज रिसेंगाच्या बाजूनं आला. काच बंद होती तरी कानाशी बोलल्यासारखा.

"न्येलेतीच्या बाबा… इकडे या ना… किती दमलात…"

त्यात राग नव्हता. तिंत्स्वालोनं तो आवाज ओळखला. तो तिचाच होता, न्येलेती तान्ही होती त्या दिवसांतला. अशी हाक तिनं त्याला किती वर्षांत मारली नव्हती. मग ही नदी कुठून शिकली?

रिसेंगाचे डोळे भरले होते. "अशी बोलायचीस तू," तो म्हणाला. "मी विसरलोच होतो…" त्याचा हात दाराच्या खिटीवर गेला.

तिंत्स्वालोला भीती वाटायला हवी होती. वाटला तो संताप. आपलं तरुणपण चोरून, पदर पसरून कुणीतरी आपल्याच नवऱ्याला बोलावतंय! तिनं त्याची कॉलर धरून त्याला खेचलं.

"हात काढ! लाज नाही वाटत? मी इथं बसलीय जिवंत, आणि तू चिखलातल्या भवानीकडे निघालास?"

त्यानं डोळे मिचकावले. झोपेतून उठल्यासारखा तिच्याकडे बघायला लागला. "बोलत राहा," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला. "शिव्या दे. तू थांबलीस की मला ती ऐकू येते."

मग काय विचारता! तिंत्स्वालोनं तोंड सोडलं. मामाच्या लग्नात नाचताना त्याची पँट फाटली होती तिथून सुरुवात केली. सासूच्या खोचक बोलण्यावर आली, न्येलेतीच्या तापात हा फुटबॉल बघत बसला होता त्यावर आली, घोरण्यावर आली. हत्ती हलले, गाडी निघाली, घसा फाटला तरी ती थांबली नाही. रिसेंगा रडत होता आणि "हो, चुकलं, अजून बोल," म्हणत गाडी हाकत होता. फाटकावरचा पहारेकरी हसून म्हणाला, "दादा, आज जेवण नाही वाटतं घरी."

जीव वाचला. पण त्या दिवसापासून घराचं तंत्र बिघडलं. ती जरा मऊ बोलली की रिसेंगाचा चेहरा पांढरा पडे. एकदा तो तापानं फणफणला होता. तिनं कपाळावर हात ठेवून हळूच विचारलं, "बरं वाटतंय का आता?" तर तो ताडकन उठून भिंतीला पाठ लावून उभा राहिला.

"शिवी दे. आधी शिवी दे!"

तिनं दिली. मग स्वयंपाकघरात जाऊन ओट्यावर मुठी आपटल्या. नवऱ्यावर माया करायची तर तोंडात शिवी हवी, हा कुठला न्याय? गाव गेलं, घरं जळाली, आणि आता तिची मायाही त्या नदीनं घेतली. रिसेंगा मात्र खूश होता. ओरडा बसला की निवांत होई. म्हणे, आता कळतं की तूच आहेस.

पावसाळ्याच्या तोंडावर एका संध्याकाळी ती बाजारातून परतली. हातात मक्याच्या पिठाची पिशवी होती. दार आतून लावलेलं. ती हाक मारणार, इतक्यात आतून आवाज आला.

"रिसेंगा! मोजे कुठं फेकलेस? घर आहे की कोंबड्यांचं खुराडं?"

आवाज तिचाच होता, आणि रागही तिचाच, जसाच्या तसा. 'खुराडं' म्हणताना ती दात आवळते, तेसुद्धा होतं.

"उचलतो गं बाई, उचलतो," रिसेंगा हसून म्हणाला. न्येलेतीही खिदळली.

तिंत्स्वालोच्या हातून पिशवी निसटली. तिला ओरडायचं होतं. दार हादरेल, शेजारीपाजारी धावून येतील असं. पण भीतीनं कसंबसं जे बाहेर आलं ते फार हळू होतं, आणि फार गोड.

"न्येलेतीच्या बाबा… दार उघडा ना…"

आतलं हसणं थांबलं. पावलं दाराशी आली. वरची कडीही आतून लागली.

"न्येलेती, खिडकीपासून लांब हो," रिसेंगा आत म्हणाला. "ती इथवर आली." मग आतल्या आत वळून, अगदी विश्वासानं, तो म्हणाला, "शिव्या दे गं. जोरात दे."

आणि आतून शिव्या सुरू झाल्या.