भरल्या ताटावरून उठलेली ताई

"घे ना गं तायडे, एकच चमचा! की अजूनही माझ्या घरचं तुला चालत नाही?"

गरम सुपाचा डबा उघडून धाकटा भाऊ खाटेशी उभा होता, आणि त्या वाफेने ताईच्या कोरड्या ओठांत जणू प्राण आला… पण काय करणार बिचारी! मोठ्या आतड्यातली एक इवलीशी पिशवी सुजून पिकली होती, आतड्याला विश्रांती म्हणून तोंडाने पाण्याचा घोटसुद्धा बंद, सगळं काही हातातल्या सलाइनमधून! आईमागे शिवणयंत्रावर पाय झिजवून जो भाऊ तिने वाढवला, तो आज एवढ्या दिवसांचा अबोला मोडून आला होता, आणि त्याच्या हातचा घास घ्यायची तिला मुभा नव्हती!

"अहो, डबा बंद करा!" सिस्टर कडाडली. "यांना काही भरवलंत तर डॉक्टर मला कच्ची खातील!"

भावाने झाकण दाबलं. "चला! माझ्या नव्या घरी चार लोकांत भरल्या ताटावरून उठली होतीस, आज निदान निमित्त तरी खरं आहे."

खरं कारण ताईच्या अगदी ओठांवर आलं. सांगून टाकू?… नको, नकोच!

तेवढ्यात डॉक्टरीणबाई आल्या. पोटाला हात लावताच डाव्या कुशीत कळ उठली.

"औषधं चालू आहेत, तरी ताप उतरत नाहीये. कदाचित ऑपरेशन करावं लागेल. असं आधी कधी दुखलं होतं? लपवू नका, त्यावर बरंच ठरणार आहे."

ताईने भावाकडे पाहिलं, मग भिंतीकडे.

"एकदा… याच्या नव्या घरी. पहिलाच घास घेतला आणि अश्शी कळ आली… 'भूक नाही' म्हणाले आणि उठले."

भावाने डबा खाली ठेवला.

"आणि मी तुला दारात म्हणालो, पुन्हा येऊ नकोस! तुला तोंड नव्हतं का गं?"

"तुझ्या बायकोने इतक्या हौसेने रांधलं होतं रे… पोरीला वाटलं असतं, तिच्याच जेवणाने झालं."

"ऑपरेशनचं उद्या सकाळी बघू," एवढंच म्हणून डॉक्टरीणबाई गेल्या. भाऊ सिस्टरकडे वळला. "काहीच देता येत नाही का हो हिला?"

सिस्टर विरघळली. तिने ओल्या कापसाचा बोळा त्याच्या हातावर ठेवला. "ओठ भिजवा. पण पिळू नका हं!"

"तायडे… एवढं तरी माझ्या हातचं घेशील?"

ताईने डोळे मिटले, आणि भुकेल्या लेकरासारखे त्या ओलाव्याला ओठ लावले… अंगातला ताप मात्र तसाच होता.