ओढा निळा कोणी केला?

"बूट घाला. आपण ओढ्याच्या डोक्यावर जातोय," ताई म्हणाली.

"ओढ्याला डोकं असतं?" लंबूने विचारलं.

"तुझ्यापेक्षा बरं असतं," चिमणी म्हणाली.

एरवी लंबूने तिची वेणी ओढली असती. आज नाही. ताई आणि लंबू सुट्टीला मावशीकडे आले होते. चिमणी मावशीची लेक. मावशी ओढ्याकाठी सूत रंगवायची. परवापासून ओढा निळाशार वाहत होता आणि जो तो तिच्याकडेच बोट दाखवत होता. आज संध्याकाळी तपासणीस बाई येऊन तिच्या रंगशाळेला कुलूप लावणार होत्या. मावशी सकाळपासून घासलेलीच भांडी पुन्हा घासत बसली होती.

"आईने या आठवड्यात निळा रंग उघडलासुद्धा नाही," चिमणी म्हणाली. "सगळं सूत पिवळं आहे. पण ऐकतंय कोण?"

तिघं काठाकाठाने वर निघाली. आणि काय! रंगशाळेच्या वरच्या अंगालाही पाणी निळंच! पुढे दोन फाटे लागले. उजव्यात तळाचे गोटे दिसत होते, डावा निळा. डाव्याच्या मागे चढत चढत ती माथ्यावरच्या रस्त्याशी पोचली. निळी धार रस्त्याखालच्या नळातून येत होती. पलीकडे पाट्या रंगवणारे काका आपल्या दुकानापुढे निळ्या रंगाच्या बादल्या विसळत होते.

"काका, हे पाणी कुठे जातं?" ताईने रस्ता ओलांडून विचारलं.

"पलीकडच्या नदीला. माथ्याच्या त्या अंगाचं पाणी तुमच्या ओढ्याला, या अंगाचं नदीला. एवढंही शिकवत नाहीत शाळेत?"

काकांचं म्हणणं खरं होतं, पण जुनं. गेल्याच आठवड्यात रस्ता रुंद करताना दुकानापुढे नवं गटार खणलं होतं. ते गटार पाणी नदीच्या उतारावर जाण्याआधीच अडवून रस्त्याखालच्या नळात सोडत होतं. काकांनी कधी वाकून पाहिलंच नव्हतं; मुलांनी आत्ता पाहिलं.

"सांगूया?" लंबू कुजबुजला.

"आपलं कोण मानणार? काका स्वतःची सही मात्र मानतील," म्हणत ताईने त्याच्या खिशातला टेबल टेनिसचा चेंडू काढला. "काका, तुमचं अक्षर किती सुरेख आहे! यावर सही द्या ना."

काका खूश. पटकन वाळणाऱ्या रंगाने त्यांनी झोकात सही ठोकली. ताईने फुंकर मारून ती वाळवली आणि चेंडू गटारात सोडला.

"गेला तुमचा चेंडू नदीला," काका हसले.

चेंडू रस्त्याखाली शिरला आणि ओढ्याच्या अंगाला टुणकन बाहेर पडला. काकांचं हसू विरलं. चेंडूमागे मुलं आणि मुलांमागे ब्रश हातात धरून काका, अशी वरात उतारावरून निघाली. चेंडू अडकला की लंबू काडीने ढोसायचा.

खाली रंगशाळेपाशी तपासणीस बाई कुलूप घेऊन उभ्याच होत्या. चेंडू काठच्या पायरीला येऊन थडकला. त्यांनी तो उचलून सही वाचली.

"हे कोण?"

"मीच तो," काका धापा टाकत म्हणाले. मग मावशीकडे वळले. "वहिनी, चुकलं माझं. उद्यापासून बादल्या शोषखड्ड्यावर धुईन."

ताईने गटाराची गोष्ट सांगितली. बाईंनी कुलूप पिशवीत टाकलं. "गटाराचं तोंड फिरवून घेते. आणि पोरांनो, ओढा बघायचा तर वरून बघावा, हे आज तुम्ही मला शिकवलंत."

"माझा चेंडू?" लंबूने विचारलं.

"तो पुरावा आहे," बाई म्हणाल्या. मावशी खळखळून हसली.

काका अजून ओशाळलेलेच होते. "वहिनी, रंगशाळेची पाटी मी रंगवून देतो."

"निळी नको!" तिघं एकदम ओरडली.