लोंबणारी अक्षरं

भामाबाई ओसरीवर येऊन बसली तेव्हा रतनआक्कांची पूजा अर्ध्यावर होती. श्रावणातला शुक्रवार. नीरेवरून उठलेलं धुकं भोरच्या आळीत शिरून दाराशी रेंगाळत होतं, आणि त्या धुक्यातूनच जणू ही काळी घोंगडी, हे पांढरे केस उमटून आले होते.

आक्कांनी भिंतीवरच्या जिवतीच्या कागदाला गंध लावलं, मग कुंकू. न बघताच बोट वर गेलं, कागदाच्या माथ्याशी.

"फौजदार हाईत का?"

मानसिंग खोपडे हे आक्कांचे धाकटे भाऊ. भोर संस्थान असताना ते फौजदार होते. संस्थान विलीन झालं, हुद्दा गेला; लोकांची कोडी सोडवण्याचा धंदा मात्र त्यांनी खाजगीत चालू ठेवला. आक्का त्यांच्याबरोबर सगळीकडे जात. शेवटापर्यंत त्यांना बहुधा काही कळत नसे, आणि त्याचं त्यांना वाईटही वाटत नसे.

"बोला, मावशी," मानसिंग म्हणाले.

भामाबाईनं घोंगडीतून गाठोडं काढलं. "माजा देव बदललाय."

गाठोड्यात एक पुस्तक होतं. 'पक्ष्यांची कचेरी'. जुन्या काळचं, शिळाछाप, लहान मुलांसाठी काढलेलं. मुखपृष्ठावर चित्र नव्हतं. मधोमध नाव आणि चारी बाजूंनी सारखीच वेल. नावाच्या वर कुंकवाचा जाड थर, कोपऱ्याला तेलाचा डाग.

भामाबाईची धनगरवाडी विंझरच्या वर, डोंगरात. तिच्या आजेसासऱ्याला हे पुस्तक रानात सापडलं, आणि त्याच संध्याकाळी हरवलेली मेंढरं आपणहून परत आली. तेव्हापासून ते देवळीत उभं होतं. म्हाताऱ्याला अक्षरओळख नव्हती. त्याच्यामागं भामाबाईच्या घरात कुणालाच झाली नाही.

"भोरच्या आनंदरावांनी बघाया मागितलं. माजा पुतण्या गेनबा घेऊन गेला, दुसऱ्या दिशी घेऊन आला. फडकं सोडलं तर ह्यो दुसराच."

"कशावरून?"

"माज्या देवाची अक्षरं बसल्याली हुती. फांदीवर पाखरं बसत्यात तशी. ही लोंबत्यात, वाघळावानी."

आक्कांना हसू आलं आणि पाठोपाठ वाईट वाटलं. बिचारीची नजर गेली असावी.

मानसिंग हसले नाहीत. "गेनबाला काय म्हणालात?"

"देव इकलास, म्हनलं. माज्या हातची भाकर बंद. तवापासनं मेंढरांसंगं भाईरच निजतोय." तिनं घोंगडी सावरली. "आईमागं तेला म्याच वाढवलाय, फौजदार. त्यानं केलं आसंल तर सांगा. न्हाई केलं तर बिगीनं सांगा."

*

आनंदरावांची खोली म्हणजे मुलांच्या जुन्या पुस्तकांचं गोकुळच. राघू, वाघ, चांदोबा, फाटक्या पुठ्ठ्यांतून डोळे किलकिले करून बघणारे. आक्कांना वाटलं, सगळी निजलेली मुलंच आहेत; पाऊल हळू टाकावं.

आनंदराव बोरूनं एक पान लिहीत होते. मांडीशी कातडी पिशवी.

"हरवलेलं पान भरून काढतोय. असं की पाहणाऱ्याला ओळखू येऊ नये," ते अभिमानानं म्हणाले. गाठोड्यातलं पुस्तक पाहून त्यांनी मान हलवली. "हे खोटं आहे. कागद चहाच्या पाण्यात बुडवून जुना केलाय. गेनबानं आणलं तेव्हाच ओळखलं मी. गरिबाला कशाला लाजवा, म्हणून मुकाट्यानं परत दिलं."

"म्हणजे देवळीतलंच खोटं होतं?"

"नाहीतर मधल्या मधे त्यानं बदललं. खऱ्याची दुसरी प्रत कुठंच नाही, फौजदार. मोह कुणालाही व्हावा."

"तुम्ही त्याआधी ते पाहिलं होतं?"

"छे. त्या डोंगरात मी कधी पाऊल टाकलेलं नाही. दम्याचा माणूस मी. विंझरचे चिमाजी मास्तर सांगत, तेवढंच."

चहा आला. आनंदरावांनी कपबश्या वाटल्या त्याही पिशवी काखेत धरून. आक्का मनात म्हणाल्या, किती जपतात आपल्या चीजवस्तूला.

*

एस्टी नसरापूरला बदलून दोघं विंझरला पोचली. चिमाजी मास्तर शाळेच्या पायरीवर मुलांच्या पाट्या पुसत बसले होते.

"दसऱ्याला वाडीत गेलो होतो. म्हातारीच्या देखत पातळ कागद ठेवून नाव, वेल, आतली चित्रं, सगळं गिरवून घेतलं. शाळेसाठी. पुढं आनंदरावांनी ते कागद मागून नेले."

"देवळीत पुस्तक कसं होतं?"

मास्तर गालात हसले. "उलटं. डोकं खाली, पाय वर. मी आपलं सुलटं करून ठेवलं, तर म्हातारीनं मला ताकसुद्धा दिलं न्हाई. म्हणाली, मास्तर, पावण्यानं घरचा देव हलवू नये."

"हे आनंदरावांना सांगितलंत?"

"न्हाई बा. त्यांनी एवढंच विचारलं की पुस्तकाला काय काय लावतात. म्हटलं, वरच्या अंगाला कुंकू, कोपऱ्याला तेल. उलटं पुजतात म्हणालो असतो तर भोरभर वाडीची चेष्टा झाली असती. माझी पोरं हाईत हो ती."

वाडीच्या वाटेवर गेनबा भेटला. ढगात अर्धा बुडालेला, भोवती मेंढरं. आणखी जरा पुढं गेला असता तर ढगच झाला असता.

"फडकं म्या सोडलंच न्हाई, आण घेतो," तो खाली बघत म्हणाला. "आनंदरावांकडं पडवीत बसलो. च्या पिला. त्येंनी उजेडात बघतो म्हनून आत न्हेलं, परत आनून दिलं. मी काय, पाखरू का पान, मला काय वळखतंय?"

त्या रात्री आक्कांनी विचारलं, "मानसिंग, लबाड कोण रे?"

"ते तूच दाखवलंस, आक्का. जिवतीला कुंकू लावताना."

आक्कांना काहीच उमगलं नाही. त्यांनी जप पुरा केला आणि झोपल्या.

*

पुढच्या शुक्रवारी सगळे भामाबाईच्या घरी जमले. "तुमच्यासारख्या जाणकारानं समक्ष सांगितलं म्हणजे वाडीचं तोंड बंद होईल," असं म्हणून मानसिंगांनी आनंदरावांना डोलीतून वर आणलं होतं. दारात गेनबा पिशवी घ्यायला पुढं झाला. आनंदरावांनी ती छातीशी धरली.

"आनंदराव, पुस्तक देवळीत ठेवा बघू. तुमच्या मतानं होतं तसं."

आनंदरावांनी पुस्तक नीट उभं केलं. नाव सुलटं, कुंकू वर.

"लोंबतंय," भामाबाई म्हणाली.

"बरोबर," मानसिंग म्हणाले. "आपली अक्षरं शिरोरेघेला लोंबतात. पुस्तक उलटं धरलं की रेघ खाली जाते आणि अक्षरं तिच्यावर बसतात. मावशीचा देव जन्मभर उलटा उभा होता. आता सांगा, त्याला कुंकू कुठं लागलं असेल?"

आक्कांचं बोट नकळत हवेत वर गेलं. "वर. देवाच्या कपाळी."

"म्हणजे आपण वाचायला धरलं तर नावाच्या खाली. हे पुस्तक पहिल्यापासून देवळीत असतं तर कुंकू खाली असतं. गेनबानं किंवा मास्तरांनी ते बनवलं असतं, तरी खालीच असतं. दोघांनीही ते उलटं पाहिलं होतं. इथं ते नावाच्या वर आहे. हे लावणारा माणूस वाचता येणारा होता, आणि ही देवळी त्यानं कधी पाहिली नव्हती."

ढग दारातून आत आला आणि चुलीपाशी विरला.

"आनंदराव, आपण इथं कधी आलो नाही, हे तुम्हीच सांगितलंत. नाव आणि चित्रं मास्तरांच्या कागदांवरून उतरली, तुमच्या बोरूनं. कुंकू त्या कागदांवर नव्हतं. ते तुम्ही ऐकून लावलंत. खोटं पुस्तक आधीच तयार होतं. गेनबाचा चहा होईतो अदलाबदल झाली. खरं हातात आलं तेव्हा चूक दिसली असेल, पण तो पडवीत उठून उभा राहिला होता."

"पुरावा?" आनंदरावांनी विचारलं.

"तुमच्या पिशवीत. चहा देतानाही ती काखेत, इथं दारातही छातीशी. घरी ठेवायचा धीर झाला नाही ना?"

आनंदरावांनी बराच वेळ पिशवीवरून हात फिरवला. मग पुस्तक काढलं. नावाच्या खाली, पिढ्यांचं कुंकू काळंभोर होऊन बसलं होतं.

"एकच प्रत आहे हो," ते पुटपुटले. "इथं धुरात, तेलात... सोसवेना मला. गेनबावर आळ येईल, हे कळत होतं."

भामाबाईनं पुस्तक घेतलं, कपाळाला लावलं, देवळीत ठेवलं. उलटं. ते सुलटं करायला आक्कांचा हात पुढं झाला आणि तिथंच थांबला. दिव्याच्या उजेडात अक्षरं खरंच बसली होती. पंख मिटून, ओळीनं.

"आनंदराव, कवा बघावंसं वाटलं तर हितं येऊन बघा," भामाबाई म्हणाली. "हलवायचं न्हाई."

तिनं देवाला कुंकू लावलं. बोटाला थोडं उरलं होतं. ती मागं वळली. गेनबा अजून उंबऱ्याबाहेरच उभा होता. तिनं ते त्याच्या कपाळाला लावलं, आणि बोट जरा जास्तच वेळ तिथं राहिलं.

"पाय धू," ती म्हणाली. "भाकर निवतीया."