भरल्या तांब्याची परीक्षा

प्रेमात पडायला मोटारींचं शोरूम ही काही कुणी ठरवून निवडण्याची जागा नव्हे. पण नव्व्याण्णव सालच्या जानेवारीत प्रियदर्शनी सांगलीतल्या एका शोरूममध्ये शिरली ती हातात काठोकाठ भरलेला पितळी तांब्या घेऊन, आणि दारातच एका तरुणाशी तिची टक्कर होता होता राहिली. तिनं तांब्या सावरला. थोडं पाणी मात्र त्याच्या चकचकीत बुटावर सांडलंच.

"पाणी आमच्याकडे होतं की," तो गोंधळून म्हणाला.

"हे प्यायचं नाही, परीक्षेचं आहे."

"कुणाची परीक्षा?"

"तुमच्या गाड्यांची..." ती बुटाकडे बघून हसली. "तुम्ही मात्र आधीच भिजलात!"

त्याच्या खिशावरच्या पट्टीवर नाव होतं— राजरत्न. मागून आलेल्या केरूअण्णांनी, म्हणजे तिच्या वडिलांनी, तेच वाचलं.

"कुठलं गाव रं?"

"इथलाच, कुपवाडचा. जय भीम, काका."

"जय भीम. पर आपला पोरगा म्हून परीक्षेत सूट न्हाई बरं का!"

केरूअण्णांनी फौजेत बावीस वर्षं ट्रक हाकला होता. पेन्शनीत आल्यावर पाटणजवळ खडीचा क्रशर टाकला, दारात तीन ट्रक उभे केले. घरची पहिली नवी गाडी घ्यायची, तर तीही ट्रकच्या जातीचीच हवी असा त्यांचा हट्ट. तशी एक काळी, उंच गाडी समोरच उभी होती. आत कातडी सीटा आणि गार हवा, खाली मात्र ट्रकचा दणकट सांगाडा. तिच्याशेजारी एक रुपेरी गाडी होती. घडण मोटारीचीच, फक्त जमिनीपासून जरा वर उचललेली. अण्णांनी तिच्याकडे नाक मुरडूनच पाहिलं.

अडचण होती ती पारूबाईंची, म्हणजे प्रियदर्शनीच्या आईची. त्यांच्या मणक्याचं ऑपरेशन झालेलं, दर महिन्याला मिरजेच्या डॉक्टरांकडे यावं लागे. जीपमधून पाटणला परतलं की दोन दिवस अंथरूण सुटत नसे. गेल्या महिन्यात तर त्या हट्टानं घरीच राहिल्या होत्या. शेवटी फौजी बाण्यानं अण्णांनी शब्द दिला होता. पारूबाईंच्या मांडीवर भरला तांब्या ठेवायचा, आणि ज्या गाडीत पाणी कमी सांडेल ती घ्यायची.

आधी काळी निघाली. पारूबाईंचा पाय पायरीपर्यंत पोहोचेना, तेव्हा राजरत्न धावत जाऊन स्टूल घेऊन आला. "सावकाश, काकू." प्रियदर्शनीनं ते पाहून ठेवलं. गाडी राजरत्न चालवणार होता, कुपवाडपर्यंत जाऊन यायचं होतं. परत आले तेव्हा तांब्या अर्धा आणि पारूबाईंचं लुगडं ओलं.

"पर रस्ता कसा दाबून धरतीया!" अण्णा म्हणाले.

तांब्या पुन्हा भरताना नळापाशी राजरत्न हळूच म्हणाला, "खरं सांगू? काळी खपली तर आमचे साहेब खूश होतील. पण काकूंच्या जागी माझी आई असती ना... तर मी रुपेरी घेतली असती."

"मग अण्णांना सांगा की."

"तांब्याच सांगेल."

तिनं त्याच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. तो तिला आवडला होता, अगदी सरळ सरळ आवडला होता.

आता रुपेरी. मघाशी खिडकीशी बसलेली प्रियदर्शनी या खेपेला मधे सरकून बसली. आईला आधार नको का! राजरत्ननं गाडी अलगद काढली. आरशात दोन डोळे दिसले, लगेच रस्त्याकडे वळले. पुन्हा दिसले. तिनं उगाचच बट कानामागे सारली. कुपवाडच्या कारखान्यांची जेवणाची सुट्टी झाली होती, सायकली आणि लुनांमधून गाडी वाट काढत होती. तांब्यातून अजून थेंबही सांडला नव्हता. डोळे तिसऱ्यांदा आरशात आले आणि या वेळी तिथेच रेंगाळले...

धाडकन!

गतिरोधकावरून गाडी उडाली आणि अख्खा तांब्या पारूबाईंच्या मांडीत रिता झाला.

"संपलं!" अण्णा गरजले. "काळी जिंकली."

पारूबाई ओला पदर पिळत म्हणाल्या, "मग ऱ्हाऊ द्या ती मिरज. मी आपली घरीच बरी."

राजरत्ननं गाडी कडेला घेतली. त्याचे कान लाल झाले होते. "काका, चूक गाडीची नाही, माझी आहे. मला गतिरोधक दिसलाच नाही."

"एवढा थोरला? कुटं बगत हुतास?"

"आरशात. साहेबांना सांगायचं तर सांगा, पण काकूंच्या पाठीवर अन्याय नको."

"आरशात? मागनं काय येत हुतं?"

प्रियदर्शनी पुढे वाकली. आईची मिरज डोळ्यांदेखत निसटत होती.

"मागनं काय येत नव्हतं, अण्णा," ती म्हणाली. "मागं... मी होते."

अण्णांनी त्याच्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, मग आरशाकडे. तेवढ्यात पारूबाईंना हसू फुटलं. "आवं, मी मघापास्नं बगतीया! तुमालाच दिसंना."

"उतर खाली," अण्णांनी राजरत्नला फर्मावलं. "गाडी मी हाकतो. त्या टपरीवरनं तांब्या भरून आण."

या खेपेला राजरत्न पुढे, अण्णांच्या शेजारी, नाकासमोर बघत बसला. तोच गतिरोधक आला तसा अण्णांनी पाय हलकेच ब्रेकवर टेकवला. शोरूमपाशी पोहोचल्यावर त्यांनी तांब्यात डोकावून पाहिलं. फार तर दोन थेंब कमी झाले असतील.

त्यांनी काळ्या गाडीच्या बॉनेटवरून एकदा हात फिरवला. "तू लय गुणाची हाईस. पर आमच्या मंडळींच्या पाठीला न्हाई सोसायचीस." मग ते राजरत्नकडे वळले. "रुपेरी घेतली. दर म्हैन्याला मिरजंला यायचं हाय आमाला. कुपवाड वाटंतच लागतंय. तुज्या आईला सांगून ठिव, चहाला येतो."

आईवडील पुढे गेल्यावर दारात राजरत्ननं प्रियदर्शनीला विचारलं, "मघाशी मधे का बसलात? आईंना आधार म्हणून?"

"हो."

"खरंच?"

"नाही," ती म्हणाली. "खिडकीशी बसलं की आरशात दिसत नाही, हे पहिल्या फेरीतच कळलं होतं."

आणि तांब्यातलं थोडं पाणी— या वेळी मुद्दाम— त्याच्या बुटावर सांडून ती हसत आईच्या मागे गेली.