सातव्या घरातला मंगळ

मी त्या दुकानात शिरले ती मार्कशीटची झेरॉक्स काढायला, आणि शिरले तोच लाइट गेले. शहाण्णवच्या उन्हाळ्यात बमरोलीत लाइट गेले की तासाची निश्चिंती. काउंटरमागच्या मुलाने स्टूल पुढे सरकवलं, वारा घ्यायला हातातला पुठ्ठा दिला.

"बसा बेन. कॉम्प्युटर बंद म्हणजे मीही बंद."

त्याच्या डोक्यावर पाटी होती – 'कॉम्प्युटर जन्माक्षर, दहा मिनिटांत', म्हणजे जन्मपत्रिका. माझं तोंड कडू झालं.

"हे शास्त्र आहे का हो?"

"गणित चोख असतं. ग्रह कुठे होता ते मशीन बरोबर सांगतं. पण त्याने तुमचं काय होणार… ते कुणीतरी पुस्तकात बघून टाइप केलंय."

"मग लोकांना सांगत का नाही?"

"विचारतं कोण? तुम्हीच पहिल्या."

तो हसला. मीही हसले – दोन वर्षांत पहिल्यांदा.

मला मंगळ होता, सातव्या घरात. बारडोलीच्या मुलाशी साखरपुडा झाला आणि महिन्याभरात उसाचा ट्रक त्याच्यावर उलटला. त्याच्या आईने भर दारात माझ्या नावाने बोटं मोडली. तेव्हापासून आमच्याकडे एक पाहुणा फिरकला नाही, आणि माझ्यापायी धाकट्या बहिणीचंही लग्न अडून बसलं. धर्मेंद्रला – हे त्या मुलाचं नाव – मी हे सगळं चौथ्या की पाचव्या झेरॉक्सला सांगितलं. एकाच मार्कशीटच्या इतक्या झेरॉक्स कशाला लागतात, हे त्याने कधी विचारलं नाही.

"त्या ट्रकखाली किती माणसं गेली?" त्याने हळूच विचारलं.

"तीन."

"मग बाकीच्या दोघांना कुणाचा मंगळ लागला, जयश्री?"

मला रडू फुटलं. इतका साधा प्रश्न माझ्या बाजूने कुणी विचारला नव्हता. मला डोळे पुसता यावेत म्हणून तो पाठ फिरवून उगाच प्रिंटरचा कागद नीट करत बसला. तेव्हाच मी त्याच्या प्रेमात पडले, लपवण्यात काय अर्थ?

दिवाळी झाल्यावर एकदा तो म्हणाला, "तुमची जन्मवेळ लिहून कुणी ठेवली होती?"

"लिहिणार कोण? आई सांगते, 'तू व्हयनी ना, तवयच पहिली पाळीना भोंगा वाजना.' मिलचा भोंगा सातचा, म्हणून सात."

आमच्या चाळीतल्या निम्म्या पोरांच्या पत्रिका भोंग्यावरच केलेल्या. घड्याळ होतं कुणाच्या घरात?

त्याने मिलचं नाव तेवढं टिपून घेतलं. सोमवारी गेले तर त्याचा चेहरा फुललेला.

"काल भेस्तानला उखाबाबांना शोधून काढलं. तुमच्या मिलचा भोंगा तेच वाजवायचे. तुझ्या जन्माच्या साली पहिली पाळी आठला सुरू व्हायची. सातचा भोंगा पुढे झाला." त्याने कागद माझ्या हातात दिला. "आठ वाजता धरलं की मंगळ सहाव्या घरात जातो. तिथला कुणाला नडत नाही. आता आईला सांगतो मी… लग्न करशील माझ्याशी?"

त्याने मला पहिल्यांदाच 'तू' म्हटलं होतं. या प्रश्नाची मी सहा महिने वाट पाहत होते. हो म्हणायला तोंड उघडलं, पण निघालं भलतंच.

"आणि उखाबाबा सातच म्हणाले असते तर?"

"तसं कशाला म्हणतील?"

"म्हणाले असते तर, धर्मेंद्र?"

तो कीबोर्डवरची धूळ पुसू लागला.

"तूच म्हणाला होतास, हे शास्त्र नाही."

"नाहीच. पण… आईला मी एकटाच. उगाच विषाची परीक्षा कशाला घ्यायची?"

तो हे मायेनेच बोलत होता. बारडोलीच्या बाईच्या शिव्यांनी लागलं नव्हतं, इतकं ते मला लागलं.

मी कागदाची घडी केली. "हा मी नेते. धाकटीचं तरी मार्गी लागेल. पण आपलं नको."

"का? आता तर काहीच आड येत नाही."

"उद्या तुला साधा ताप आला ना, तरी भोंगा खरंच आठचा होता का, हे विचारायला तू पुन्हा भेस्तानला जाशील."

'नाही जाणार', एवढंच त्याने म्हणायचं होतं. मी पायरीवर थांबले, जरा जास्तच थांबले, कारण माझा जीव होता त्याच्यावर. तो कीबोर्ड पुसत राहिला. मग मी घरी आले.