सातव्या धड्यातली ठकठक

गुरुवारी पाचच्या आत संस्थेत बारा धडे पोचवायचे होते, म्हणून सोमवारी सकाळी मी लेकीला घेऊन माइक आणायला बाहेर पडले. एवढंच काम होतं. जाऊ, घेऊ, येऊ, असं म्हणून गॅसवर डाळ शिजत ठेवायच्या बेतात होते. लेकीने गॅस बंद केला ते बरं झालं.

मी शिलाई मशीन दुरुस्त करते. शाळा चौथीपर्यंत. पुढचं सगळं सासूबाईंनी शिकवलं आणि ते कुठल्या पुस्तकात नाही. त्या मशीन उघडायच्या आधी डोळे मिटून हाताने चाक फिरवायच्या आणि नुसत्या आवाजावरून सांगायच्या, आतलं शटल, म्हणजे सुईखाली खालचा दोरा फिरवणारा भाग, केसभर मागे पडलंय की पुढे गेलंय. त्या गेल्याला नऊ वर्षं झाली. ते ऐकणं आता माझ्याशिवाय कोणाला येत नाही, आणि मी गेले की माझ्याबरोबर जाणार. लेकीला मशीनचं वावडं आहे, ती ऑफिसात नोकरी करते. म्हणून बायकांना शिलाई शिकवणाऱ्या एका संस्थेने विचारलं, "तुमचे धडे व्हिडिओवर द्याल का," तेव्हा मी मागचापुढचा विचार न करता हो म्हटलं. मी शिकवायचं, लेकीने कॅमेरा सांभाळायचा.

अकरा धडे पास झाले. सातवा दोनदा परत आला. सातवा म्हणजे तोच, शटलचा, कानाने ऐकायचा. ज्याच्यासाठी मी हा सगळा उपद्व्याप केला तोच.

संस्थेच्या बाई फोनवर फार गोड बोलतात. "ताई, तुमच्या मागे कोणीतरी लाकडावर ठकठक करतंय हो. शिकणाऱ्यांनी मशीन ऐकायचं की ती ठकठक? गुरुवारपर्यंत स्वच्छ आवाजात द्या, नाहीतर आम्ही सगळेच धडे त्या दुसऱ्या सरांकडून करून घेऊ. त्यांचा स्टुडिओ आहे."

स्टुडिओ आहे म्हणे! त्या सरांना मशीनमध्ये तेल कुठे सोडायचं ते मला फोन करून विचारावं लागतं. माझा जीव असा जळला की मी तडक वरच्या मजल्यावर गेले आणि भाडेकरणीच्या दाराशी उभी राहून चांगली दहा मिनिटं तिचा उद्धार केला. ती पंधरा दिवसांपासून माहेरी होती. म्हणजे मी कुलपाशी भांडले. पण ठकठक काय थांबली नाही. कानांना कधी ऐकू यायची नाही, फक्त फोनवर घेतलेल्या आवाजात यायची.

"आई, फोनचा माइक चहूबाजूंचं गोळा करतो," लेक म्हणाली. "आपल्याला एकाच बाजूचं ऐकणारा हवा. शॉटगन म्हणतात त्याला."

माइकचं दुकान अरुंद आणि थंडगार होतं. दुकानदार चष्मा कपाळावर चढवून बसलेला, बोलायला हळू. त्याने काचेवर तीन नळ्या मांडल्या, एक वीतभर, एक त्याहून थोडी मोठी आणि एक हातभर लांब.

"शूटिंग कुठे करता?" त्याने विचारलं.

"घरी. मागच्या खोलीत."

"छत उंच आहे का?"

"मला छत शिवायचं नाहीये. आवाज स्वच्छ कोणात येतो तेवढं सांगा."

तो हसला नाही. म्हणाला, "लांब नळी समोरचं नेमकं घेते आणि बाजूचं सोडते, पण मोकळ्या जागेत. लहान खोलीत भिंतीवर आपटून आलेला आवाज तिला नीट सोडता येत नाही, सगळं डब्यात बोलल्यासारखं येतं. तुम्ही ही आखूड घ्या. तोंडापासून हातभर अंतरावर, वरून तिरकी लावा."

वीस वर्षं मला पुरुष सांगत आलेत की ताई, तुम्ही लहानच घ्या. मी लांब नळीवर बोट ठेवलं. लेकीने ती उचलून आवाज टिपायच्या यंत्राला जोडली, हेडफोन माझ्या कानावर चढवला आणि नळी माझ्याकडे रोखली.

बाहेरचा रस्ता एकदम विझला. पंखा गेला. माझाच श्वास तेवढा उरला. आणि त्यात, अगदी जवळ... ठक-ठक.

"अहो, ते पेन वाजवू नका!" मी दुकानदारावर खेकसले.

त्याने दोन्ही हात वर करून दाखवले. हातात पेन नव्हतं.

मी लांब नळीच घेतली.

आमची मागची खोली दहा बाय दहाची. एक टेबल, त्यावर मोटर लावलेलं मशीन, भिंतीला हत्यारं, आणि कितीही पुसलं तरी न जाणारा मशीनच्या तेलाचा वास. संध्याकाळी पहिला तुकडा घेतला. दुकानदार म्हणाला होता तेच झालं. माझा आवाज पिंपातून आल्यासारखा. लेकीने नुसता हेडफोन काढून ठेवला आणि मला त्याचाही राग आला.

"भिंती मऊ केल्या की घुमणार नाही," ती शेवटी म्हणाली.

मग काय, पलंगावरच्या दोन्ही गाद्या ओढून आणल्या. एक दाराशी उभी केली, दुसरी मशीनच्या डावीकडच्या भिंतीला टेकवली. खिडकीवर ब्लँकेटं ठोकली. खोली अशी दबून गेली की आपण बोललेला शब्द ओठांवरच पडतोय असं वाटावं. जुन्या कापसाचा दमट वास सुटला. मंगळवारी दुपारी तशा कोंडलेल्या खोलीत, एका दिव्याच्या उजेडात, मी सातवा धडा परत पहिल्यापासून शिकवला.

आवाज काय सुरेख आला म्हणून सांगू! चाकाचा सुस्कारा, सुई खाली जातानाची किणकिण, सगळं वेगवेगळं. मी चार दिवसांनी पहिल्यांदा हसले. मग धडा त्या जागी आला जिथे मी म्हणते, "आता बोट सुईखाली घालून शटल चाचपायचं."

ठक-ठक.

"परत लाव," मी म्हटलं.

ठक-ठक. पत्रा लाकडावर आपटल्यासारखी. दोनच.

या वेळी मी ती ओळखली.

सासूबाईंच्या उजव्या हाताच्या पहिल्या बोटाचं टोक नव्हतं. लग्न होऊन मी घरात आले त्याच्या आधीच मोटरच्या मशीनने ते नेलेलं. त्या थोट्या बोटात त्या कायम अंगुस्तान घालायच्या, सुई टोचू नये म्हणून बोटावर चढवतात ते पत्र्याचं टोपण. मी शिकत असताना त्या मागे बसायच्या. चुकलं की त्या बोटाने टेबलावर दोनदा वाजवायच्या. ठक-ठक. म्हणजे चुकलं, थांब. बस्स. काय चुकलं ते मेल्या सांगतील तर शपथ. आपणच शोधायचं. एकदा सकाळपासून दिवेलागणीपर्यंत मी एकच शटल बसवत होते, आणि दर वेळी मागून ठक-ठक. रडले, ओरडले, "अहो, तोंडाने सांगा ना!" त्यांनी वाजवलं. ठक-ठक.

हे लेकीला सांगितलं नाही. तिला सांगून काय, ती मलाच डॉक्टरकडे नेईल. म्हटलं, "कुठून येतोय आवाज ते शोध. तो एकाच बाजूचं ऐकतो ना? मग फिरव."

बुधवारी दुपारी ती कानाला हेडफोन लावून खोलीच्या मधोमध उभी राहिली, आणि मी मशीनपाशी बसून तोच धडा करत राहिले. तिने नळी खिडकीकडे धरली.

"बारीक येतोय."

छताकडे. "बारीक."

कपाटाकडे, जिथे खणात सासूबाईंचं अंगुस्तान चिंधीत बांधून ठेवलंय.

"काहीच नाही," लेक म्हणाली.

मग तिने नळी हळूहळू माझ्याकडे वळवली, आणि तिचा चेहरा बदलला.

"आई... तुझ्याकडून येतोय."

"मी काय वाजवतेय? माझे दोन्ही हात कामात आहेत!"

ती जवळ आली. नळी माझ्या खांद्यावरून दंडावर, दंडावरून मनगटावर. "इथे मोठा... इथे अजून मोठा..." नळीचं टोक माझ्या उजव्या हाताशी थांबलं. माझं पहिलं बोट तेव्हा सुईखाली होतं.

"आता थांबतच नाहीये, आई. ठक-ठक, ठक-ठक... आई, हात काढ. हात काढ आधी!"

तिच्या ओरडण्याने दचकून मी हात ओढला. तेवढ्यात डाव्या भिंतीची गादी कमरेत वाकली आणि धप्पकन खाली बसली, सगळ्या वजनानिशी पायडलवर. मोटर किंचाळली. सुई खालीवर, खालीवर, जिथे माझं बोट होतं तिथेच. मी वाकून भिंतीतला प्लग उपटला तेव्हा कुठे थांबली.

प्लग माझ्या हातात होता, आणि मग मला कळलं काय चुकत होतं.

सासूबाई सुईखाली बोट घालायच्या आधी प्लग उपटून मांडीवर घ्यायच्या. स्वतःच्या डोळ्यांपुढे. दर वेळी, न चुकता. मी तो नियम कधीच सोडून दिला होता. पायडलवर पाय नसला की झालं, असं म्हणायची. आणि तेच मी कॅमेऱ्यासमोर शिकवत होते. माझं बघून किती बायकांनी बोटं घातली असती, देव जाणे.

त्याच संध्याकाळी लेकीला सासूबाईंच्या बोटाचं सगळं सांगितलं आणि सातवा धडा नव्याने केला. आधी प्लग मांडीवर, मग बोट. लेकीने चारदा ऐकला, मी सहादा. ठकठक नव्हती. नुसतं मशीन, स्वच्छ. मी सासूबाईंच्या फोटोकडे बघून मनात म्हटलं, जिंकलात बाई, आता झोपा.

इथे संपलं असतं तर मी हे लिहायला बसले नसते.

आज गुरुवार. संस्थेला सगळे धडे पेनड्राइव्हमध्ये घालून हवे होते आणि सोबत माझ्या सहीचा कागद, हातात, पाचच्या आत. लेकीने अर्धी रजा काढली होती. चार वाजता तिने दोन्हीचं पाकीट पिशवीत टाकलं, हेल्मेट घातलं, स्कूटरची किल्ली घेतली. मी खोली आवरत होते. माइक बंद करायचा राहिला होता, हेडफोन माझ्या गळ्यात लोंबत होता. मी स्टँड उचलून बाजूला सरकवला आणि नळीचं तोंड दाराकडे झालं. दारात लेक उभी.

गळ्यापाशी, बारीक. ठक-ठक.

मी हेडफोन कानावर चढवला.

ठक-ठक.

"थांब," मी म्हटलं.

"आई, चार वाजून गेलेत."

"थांब म्हणतेय ना! दारातून हल आधी."

मी हेडफोन तिच्या हातात दिला. हेल्मेट काढून तिने ऐकलं. तिच्या चेहऱ्यावरचा रंग उतरताना मी पाहिला.

"नको जाऊस तू. मी जाते," मी म्हणाले. पिशवी घेतली, तिला नळी माझ्याकडे फिरवायला सांगितली. ती ऐकून सांगत होती. माझ्याकडून काही नाही, नुसता श्वास. तिने परत स्वतःकडे फिरवली तर ठक-ठक. आणि मग माझाच पाय उंबऱ्यापलीकडे पडेना. मी गेले तर घरात ती एकटी, आणि ठकठक तिच्याच अंगाशी.

तिने किल्ली खाली ठेवली. ठक-ठक. चपला काढल्या. ठक-ठक. मी तिला खिडकीपासून लांब, खोलीच्या मधोमध खुर्चीवर बसवलं. पंखा बंद केला, दिवा बंद केला, सगळे प्लग उपटून तिच्या पायापाशी ढीग लावला. ठक-ठक.

पाच वाजले. संस्थेच्या बाईंचा फोन वाजत राहिला आणि बंद पडला. बारा धडे पिशवीत तसेच आहेत. आता ते सरच शिकवतील, प्लग न काढता शिकवतील. माझा संताप संताप होतोय आणि करायचा कोणावर ते कळत नाही.

तिला जाऊ देणं चूक होतं की अडवणं चूक झालं? मी दहादा विचारलं, मोठ्याने, या अंधाऱ्या खोलीत. सासूबाईंनी जिवंतपणी कधी सांगितलं नाही, आता काय सांगणार.

लेक माझ्यासमोर बसलीय, हेडफोन लावून, दोन्ही हात मांडीवर. बराच वेळ हललेलीसुद्धा नाही.

"आई," ती आत्ताच म्हणाली, अगदी हळू, "मी तर काहीच करत नाहीये... मग आता जोरात का वाजवतायत?"