पहिल्या शुक्रवारची खुर्ची

गावठाणाचं नाव सांगत नाही. बोरीवलीत आहे, एवढं पुरे. तिथली माणसं अजून तिथेच राहतात आणि बाजारात मला भेटतात. भुताखेतांच्या गोष्टी मला कधीच मानवल्या नाहीत. कुणी सुरू केली की मी चहा टाकायला उठते. पण ही गोष्ट माझ्याच अंगावर आली, तेव्हा उठून जायची सोय नव्हती.

निघाले तेव्हा काम अगदी साधं होतं. पिशवीत नानखटाईचा पुडा, चार्ज केलेला मोबाईल आणि एका म्हातारीला विचारायचा एक प्रश्न.

इनास परेरा हा आमच्या भागातला ख्रिस्ती लेखक. लिहायचा मराठीत, आणि असं लिहायचा की वाचून झाल्यावर त्या घरातल्या मसाल्याचा वास नाकात राहायचा. त्याच्या कथा मी वर्षानुवर्षं माझ्या दिवाळी अंकात छापल्या. मरणाच्या थोडं आधी एका मुलाखतीत तो जे बोलला ते त्याने कुठल्याच कथेत लिहिलं नव्हतं. लहानपणी पाय मोडून तो बरेच महिने अंथरुणाला खिळला होता. तेव्हा चर्चचे फादर लाझरस त्याचा कुमसार ऐकायला, म्हणजे पापांची कबुली घ्यायला, घरी यायचे. कुमसार गुप्त असतो, म्हणून घरचे दार लावून बाहेर थांबायचे. बंद दाराआड फादर त्याच्याशी काय वागत होते, ते त्याने त्या मुलाखतीत सांगितलं.

फादर लाझरसना जाऊन जमाना झाला. पण त्यांनी शाळा काढली, गावठाणात नळ आणला. चर्चच्या नव्या हॉलला त्यांचंच नाव द्यायचं ठरलं होतं. मग काय, नुसता गदारोळ. जो तो इनासला खोटारडा म्हणायला लागला. म्हातारपणी प्रसिद्धीची हौस आली, म्हणाले. आणि इनास तर गेलेला, उत्तर कोण देणार?

आत्ताचे फादर ग्लेन तरुण आहेत, माणूस सरळ. त्यांनी सभेत सांगून टाकलं, "त्या वेळी त्या घरात असलेल्या कुणी एकाने जरी दुजोरा दिला, तरी हॉलला नाव लागणार नाही." त्या घरातलं एकच माणूस आता जिवंत होतं. इनासची मोठी बहीण, फिलूबाय. ती गप्प होती आणि पुढची सभा रविवारी होती.

"तू कशाला पडतेस गं त्यांच्या भांडणात?" नंदकिशोरने, माझ्या नवऱ्याने, पेपरातून डोकं न काढता विचारलं.

"इनासचं भांडण आहे. त्यांचं नाही."

"तो गेला ना पण."

"म्हणूनच," म्हटलं आणि चप्पल घातली.

त्या दिवशी महिन्याचा पहिला शुक्रवार होता. आजारी माणसांना फादर घरी जाऊन प्रसाद देतात, तो दिवस. मला हे इनासच्याच कथांमुळे माहीत होतं. पण निघताना ते मनात आलं नाही. आलं असतं तर मी शनिवारी गेले असते, असं आता वाटतं.

रिक्षा गावठाणाच्या तोंडाशी सोडली. आत दोन्ही बाजूंना टॉवर उठलेत आणि मधे ही बुटकी घरं उरली आहेत. वाटेवरच्या जुन्या दगडी क्रुसापाशी कुणीतरी झेंडू वाहिला होता. परेरांचं घर त्याच्या मागे, लाकडी कठड्याच्या व्हरांड्याचं. इनासने या घराबद्दल इतकं लिहिलं होतं की मी पहिल्यांदाच येतेय हे मला खरं वाटेना.

फिलूबायने दार उघडलं. अंगात फुलाफुलांचा गाऊन, हातात इस्त्री केलेला पांढरा रुमाल. मला बघून ती खूश झाली नाही.

"उत्तरा ना तू? मासिकवाली?"

"हो, बाय. जरा बोलायचं होतं."

"आज नको. उद्या ये."

"पाचच मिनिटं."

मी हट्टी आहे, सगळे सांगतात. नानखटाईचा पुडा पुढे केला आणि त्याच्या मागोमाग आत शिरले. फिलूबायने माझ्याकडे पाहिलं, मग बाहेर मावळत्या उन्हाकडे पाहिलं आणि आतल्या खोलीत गेली. मी मागे गेले.

ती इनासची खोली. दाराला खेटून एक अरुंद लोखंडी पलंग, खिडकीखाली छोटं टेबल. फिलूबायने तो पांढरा रुमाल टेबलावर अंथरला, त्यावर लहान क्रूस ठेवला, मेणबत्ती लावली. मग कोपऱ्यातली वेताची खुर्ची ओढून पलंगाशेजारी आणली आणि पुसली.

"फादर ग्लेन येणारेत का? मी बाहेर थांबते," मी म्हटलं.

"ते सकाळीच येऊन गेले."

"मग ही तयारी?"

ती खुर्चीचा हात पुसत राहिली. पुसलेलाच पुन्हा पुसत राहिली.

"नाय केली तर तो घरभर फिरते," ती हळू म्हणाली. "खुर्ची मांडली का बसते. मग जाते. तू जा आता."

मला वाटलं, वय झालंय बिचारीचं. एकटं राहिलं की माणूस काहीबाही धरून बसतं. मी पलंगावर टेकले आणि मुद्द्यावर आले.

"बाय, इनासला सगळे खोटारडा म्हणतायत. तुम्ही तेव्हा घरात होतात. फक्त एवढं सांगा, तो म्हणाला ते खरं होतं की नाही?"

तेवढ्यात चर्चची संध्याकाळची घंटा वाजायला लागली.

त्यानंतर जे झालं ते फार साधं होतं. घंटा ऐकताच फिलूबाय वळली, खोलीबाहेर गेली आणि तिने दार ओढून घेतलं. बाहेरून कडी लागल्याचा आवाज आला. तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मी आत आहे हेच ती विसरली होती. तिच्या हातांनी मात्र आपलं काम केलं.

"बाय, मी आत आहे," मी हसत म्हटलं. अजून हसू येत होतं.

घंटा थांबली. बाहेरच्या टॉवरमधले टीव्ही, रिक्षा, कुणाचा तरी कुकर, सगळं एकदम लांब गेलं. खोली फार लवकर अंधारली. मेणबत्ती होती, पण तिचा उजेड टेबलापुरता. मग वास आला. तपकिरीचा, आणि त्याखाली धुपाचा शिळा वास, कपड्यात मुरतो तसा.

मग वेत करकरला.

मी खुर्चीकडे पाहिलं. बैठकीची विणलेली जाळी हळूहळू खाली चालली होती. कुणी जड माणूस सावकाश, सवयीने टेकतो, तशी. जाळी खोल गेली आणि तिथेच थांबली. खुर्चीत कुणी नव्हतं.

मी उठायला गेले आणि उठता आलं नाही. उजवा पाय ओंडक्यासारखा जड झाला होता. मांडीपासून टाचेपर्यंत मला तो जाणवेना. आयुष्यात मी एवढी कधी घाबरले नाही. बाळंतपणात नाही, आई गेली तेव्हा नाही.

"आणखी?"

अगदी कानाशी. मऊ, समजूतदार, पुरुषी आवाज. त्यात राग नव्हता, हेच सगळ्यात वाईट होतं.

"बाय... दार उघडा..."

"आणखी काय, बाळा?"

वेत पुन्हा करकरला. खुर्चीतलं ते जे काय होतं ते पुढे वाकलं असावं, कारण तपकिरीचा वास आता माझ्या तोंडावर आला, उबदार श्वासासारखा.

"कुणाला सांगितलंस?"

देवाशप्पथ सांगते, मी उत्तर द्यायला निघाले होते. माझे ओठ हलले. इनासने मुलाखतीत सांगितलं, नंदकिशोरला ठाऊक आहे, फादर ग्लेनना ठाऊक आहे, एकेक नाव माझ्या जिभेवर येत होतं. वाटत होतं, सांगून टाकलं की हा जाईल. आणि त्याच वेळी हेही कळत होतं की ही नावं याच्या हाती लागता कामा नयेत. मी दात आवळले.

पलंग दाराला खेटून होता. पाय हलत नव्हता, पण हात पोचत होता. मी दार ठोकायला लागले.

दाराच्या पलीकडे कुणीतरी उभं होतं. श्वास ऐकू येत होता. मग पुटपुटणं ऐकू आलं, फिलूबायचंच, पण भराभर, धाप लागल्यासारखं.

"नमो मारिये, कृपापूर्णे... नमो मारिये, कृपापूर्णे..."

मी जोरात ठोकलं की ती मोठ्याने म्हणायची. प्रार्थनेचे पुढचे शब्द येतच नव्हते, तेवढेच पुन्हा पुन्हा.

"फिलूबाय..." माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. बारीक झाला होता, चिरका. "बाय, उघड ना... बाय, तो हात..."

हे मी म्हटलं नव्हतं. माझ्या तोंडून आलं, पण मी म्हटलं नव्हतं. मला कुणीही हात लावला नव्हता.

पुटपुटणं थांबलं. कडी खाली पडली आणि दार उघडलं.

मेणबत्ती विझली. माझ्या पायात एकदम मुंग्या आल्या आणि मी पलंगावरून अर्धी घसरत, अर्धी रांगत बाहेर आले. फिलूबायने मला काखेत हात घालून उठवलं. त्या म्हातारीत एवढी ताकद कुठून आली कोण जाणे. आम्ही थेट अंगणात आलो, क्रुसाजवळच्या दिव्याखाली.

"आई सांगायची, कुमसार ऐकायचा नस्ते, पाप लागते," ती म्हणाली. "मना दाराशी उभी करायची. कडी धर म्हनायची, मधे कोन जाया नको. इनास ठोकायचा. आस्साच ठोकायचा. मना ऐकू येऊ नये म्हनून मी नमो मारिये म्हनायची."

"तुम्ही लहान होतात, बाय."

"कडीला हात पोचायचा माजा," ती म्हणाली. "मी उघडलं नाय कवाच. आज पैल्यांदा उघडलं."

मला तिच्या पाया पडावंसं वाटलं आणि तिला गदागदा हलवावंसंही वाटलं. दोन्ही न करता मी मोबाईल काढला. विचारलं, हे असंच यात बोलाल का. सभेला यायला तिचे गुडघे तयार नव्हते. तिने गाऊनला हात पुसले, केस सारखे केले आणि बोलली. आवाज चाचरला नाही. मी घरी येऊन ते पुन्हा पुन्हा ऐकलं, दिवे लावून. दुसरा कुठलाही आवाज त्यात नव्हता. फिलूबाय, मागे रिक्षाचा हॉर्न, कुत्र्याचं भुंकणं, बस्स.

रविवारी हॉल भरला होता. नाव अजून लागलं नव्हतं, पण दारावर पाटीसाठी खिळे ठोकून झाले होते. म्हातारे पुरुष मागच्या रांगांत बसले होते. त्यातला पांढऱ्या बुशशर्टातला, गावठाणात वजन असलेला एक गृहस्थ सगळ्यात मोठ्याने बोलत होता. इनासला खोटारडा म्हणायला सुरुवातही त्यानेच केली होती.

"फादर लाझरस देवमाणूस होता," तो म्हणाला. "मला कावीळ झाली तेव्हा दर आठवड्याला घरी येऊन बसायचे. कोण बसतं हो आजकाल? आणि ह्या बाई कोण? ह्यांचा काय संबंध चर्चशी?"

संबंध नाही, मी म्हटलं, म्हणून मी काहीच बोलणार नाही. फादर ग्लेननी माईक पुढे केला आणि मी मोबाईल त्याला लावला.

"माजं नाव फिलोमिना परेरा," आवाज हॉलभर झाला. "इनास माजा धाकटा भाव. तो बोलला ते खरं हाय. फादर लाझरस आत असायचे. इनास आतून दार ठोकायचा, मना हाका मारायचा. कडी मी धरलेली. मी उघडलं नाय."

एवढंच होतं. मी मोबाईल बंद केला आणि पर्समध्ये टाकला. पंखे फिरत होते. फादर ग्लेन मान खाली घालून उभे होते. मला वाटलं, झालं, जिंकलो आपण, आता इनासला कुणी काही म्हणणार नाही. मला रडू यायला लागलं होतं.

तेवढ्यात मागची खुर्ची सरकली. तो पांढऱ्या बुशशर्टातला माणूस उभा राहिला. मला वाटलं, आता हा भांडणार. पण तो माझ्याकडे बघत नव्हता. स्वतःच्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत होता. हळूच, गुडघे दुखत असतानाही, तो तिच्यासमोर जमिनीवर बसला आणि हात जोडले.

"कुणालाच नाही, फादर," तो म्हणाला. आवाज लहान पोराचा होता.

आम्ही कुणीही त्याला काही विचारलं नव्हतं. मी फादर ग्लेनकडे पाहिलं. ते पांढरेफटक पडून हॉलच्या दुसऱ्या कोपऱ्याकडे बघत होते. तिथे आणखी एक म्हातारा उठत होता, आणि खिडकीजवळ आणखी एक.